अव्वा आणि सुभेदारांची गोळी

तिसऱ्या खेपेला अव्वाला उलटीची उबळ दवाखान्यात नाही, एसटीतच आली. पलूसहून निघालेली गाडी सांगलीत शिरली, रस्त्याकडेची रसवंती दिसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. दवाखाना अजून दहा मिनिटं लांब होता, सलाईन लागायला तास-दीड तास अवकाश होता, पोटात सकाळच्या चहापलीकडं काही नव्हतं. तरी ती ओकली. मी मांडीवरची पिशवी तिच्यापुढं धरली. कंडक्टर उठून आला, त्यानं आमची खिडकी सरकवून दिली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसला.

आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. आमचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. अव्वाचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायची, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायची. ज्या पलूसमध्ये मी आज शाळेत शिकवते, त्याच्या शिवारात अव्वा माझ्या जन्माआधी मुक्काम करून गेली होती. कुठल्या विहिरीचं पाणी गोड होतं आणि कुठल्या मळ्यातली कुत्री वाईट होती, हे ती मला सांगायची. मी तिथं बारा वर्षं राहत होते, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

मला मात्र तिनं मेंढरांमागं नेलं नाही. सहा वर्षांची झाले तशी वसतिगृहात घातली. पुढं कॉलेज, नोकरी, लग्न. सुट्टीला चार दिवस गावी जायचं आणि परत यायचं, एवढाच आमचा सहवास. त्यामुळं तिच्या छातीतली गाठ तिनं वर्षभर लपवली, याचं मला फारसं नवल वाटलं नाही. कळली तीही योगायोगानं. दिवाळीला मी तिच्यासाठी झंपर शिवून नेलं होतं. घालून बघ म्हटलं तर ती नको नकोच म्हणत राहिली. मी हट्ट धरला तेव्हा तिनं आतल्या खोलीत नेऊन दाखवलं आणि म्हणाली, "भावाला सांगू नगंस. मेंढरं कोकरं देत्यात आत्ता."

ऑपरेशन सांगलीला झालं. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी बुधवारी एक, अशी सहा वेळा केमो द्यायची ठरली. जतहून एवढ्या फेऱ्या तिला झेपल्या नसत्या, म्हणून मी तिला पलूसला आणलं. माझे मालक कराडकडच्या साखर कारखान्यात, ते रविवारी यायचे. बाकीचे सहा दिवस घरात आम्ही दोघीच.

पहिल्या केमोनंतर ती दोन दिवस ओकत होती. सलाईनमधून जाणारं ते औषध लाल रंगाचं होतं. दुसऱ्या दिवशी लघवीलाही तसाच रंग आला तेव्हा ती घाबरली, आणि घाबरलेली कळू नये म्हणून माझ्यावरच चिडली. डॉक्टरबाईंनी पुढच्या वेळी उलटीची औषधं बदलली. सलाईनआधी एक इंजेक्शन आणि घरी तीन दिवस घ्यायच्या गोळ्या. त्यानं खरोखर फरक पडला. औषधानंतरच्या उलट्या जवळजवळ थांबल्या. पण आता ती औषधाआधीच ओकायला लागली. दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या दारात, स्पिरिटचा वास आल्यावर. आणि तिसऱ्या खेपेला रसवंतीपाशी.

"ही आधीची उलटी वेगळी," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "शरीर शिकलंय. रस्ता, वास, ते लाल औषध, सगळं त्याला एकत्र आठवतं. त्या नाटक करत नाहीयेत. मन घट्ट करा म्हणून सांगू नका, त्यानं थांबणार नाही."

मी नेमकं तेच सांगत आले होते.

त्या दिवशी औषधं आणायला मी खालच्या मेडिकलमध्ये गेले. परत आले तर अव्वा खुर्चीत मान मागं टाकून शांत बसलेली. केमोच्या त्या खोलीत आठ-दहा खुर्च्या होत्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा स्टँड. तिच्या उजव्या बाजूला एक निवृत्त सुभेदार बसायचे. त्यांचं गाव कराडजवळ, कोयनेच्या काठाला. मुलगी सांगलीत दिलेली, म्हणून इथं उपचार घेत होते. उंच माणूस, केस गेलेल्या डोक्यावर लोकरीची टोपी, मिशी मात्र अजून तग धरून.

"आता बरं हाय," अव्वा म्हणाली. "सुभेदारांनी गोळी दिली. फौजेतली. बर्फात चढताना देत्यात म्हणं."

सलाईन सुरू व्हायच्या आधी कुणाची तरी कसली तरी गोळी. मी सुभेदारांकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच बाहेर चल म्हणून खुणावलं आणि स्टँड ढकलत व्हरांड्यात आले. खिशातून जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळ्या झाकणाची डबी काढून त्यांनी माझ्या हातावर चार बारीक पांढऱ्या गोळ्या टाकल्या. होमिओपॅथीवाल्याकडं असतात तशा.

"साखर हाय, मास्तरीण," ते म्हणाले. "नुसती साखर. वर औषधाचा थेंब पण न्हाई."

"आणि फौज?"

"माजी सगळी नोकरी जबलपूरला स्टोअरात गेली. बर्फ म्या फोटूत बघितला." मग जरा खाली बघून म्हणाले, "माज्या पोरीनं मला अशीच दिलती, लय भारी औषध म्हणून. दोन येळंला उलटी झाली न्हाई. मग तिलाच राहवंना, तिनं सांगून टाकलं. तरी म्या घेतोच. तुमच्या आईचे हाल बघवंनात, म्हणून बोललो खोटं."

मी त्या गोळ्या तशाच मुठीत धरून डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी सुभेदारांना बोलावून डबी बघितली, कुठल्या दुकानातून आणली ते विचारलं आणि आधी आम्हा दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. बाहेरचं काहीही, अगदी काढासुद्धा, त्यांना विचारल्याशिवाय पेशंटच्या तोंडात जाता कामा नये. मग जरा निवळल्या.

"साखरेनं अपाय नाही. बरं वाटत असेल तर घेऊ देत. पण दोन गोष्टी. माझ्या गोळ्या एकही चुकवायची नाही. आणि आईंना खरं काय ते सांगा. उद्या त्यांना दुसरीकडून कळलं तर माझ्या औषधांवरचाही विश्वास जाईल."

मी मान हलवली. सांगणारच होते. घरी गेल्यावर सांगू, तब्येत सुधारली की सांगू, असं करत ते राहून गेलं.

खरं कारण वेगळं होतं. अव्वाला त्या गोळीचं फार कौतुक वाटत होतं. ओट्यावर बसून शेजारणींना ती सांगायची, "सुभेदार हाय तो. मोठा माणूस. त्यानं आपल्या डबीतली दिली मला." तिच्या आयुष्यात कुणा मोठ्या माणसानं आपल्या खिशातलं काढून तिला काही दिलं नव्हतं. रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या बाईशी लोक बांधावरूनच बोलायचे. ते मी तिच्या हातून काढून कसं घेऊ?

ते दिवसही तसे होते. मी शाळेतून येईपर्यंत अव्वा ओट्यावर माझ्या मालकांचा मफलर डोक्याला गुंडाळून लोकर कातत बसलेली असायची. हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, तेवढं तिच्या पोटात ठरायचं. ते कसं करायचं हे तिनं मला पहिल्यांदा शिकवलं. आणि मी पहिल्यांदा केलेलं माडगं तोंडाला लावून तिनं गपचूप आणखी पाणी घातलं. संध्याकाळी ती वाटेवरच्या गोष्टी सांगायची. लांडग्यानं नेलेली कोकरं, वाहत्या पाण्यातून डोक्यावर काढलेली पिलं, बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी मला झोळीत घालून केलेली चाल. त्या चालीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी पस्तिशी ओलांडली होती आणि आईजवळ सलग महिना काढायची ही माझी सहा वर्षांच्या वयानंतरची पहिलीच वेळ होती.

चौथ्या खेपेला मी स्वतः सांगलीच्या त्याच दुकानातून आणलेल्या साखरेच्या गोळ्या पलूसच्या स्टँडवर तिच्या हातावर ठेवल्या. "सुभेदारांनी पाठवल्यात," असं म्हणाले. म्हणजे आता खोटं माझं झालं. तिनं त्या जिभेवर ठेवल्या आणि डोळे मिटले. रसवंती आली, गेली. तिनं पदर तोंडाला लावला, पण उबळ आली नाही. दवाखान्याच्या दारातही नाही. परत येताना ती खिडकीतून बाहेर बघत उसाच्या रानांवरून एकेक मालकाची आठवण सांगत होती. मला इतका आनंद झाला होता की सांगायचं ते मी पुन्हा पुढं ढकललं.

त्याच आठवड्यात तिनं गावी जायचा हट्ट धरला. मेंढरांची लोकर कातरायची होती, आणि तिच्या मते तिच्याशिवाय ते काम कुणाला नीट जमत नव्हतं. केमोच्या दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. मी तीन दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, साखरेची डबी, सगळं बांधून दिलं. चौथ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला.

"अक्का, अव्वाला पाणीसुद्धा ठरंना. जतला दवाखान्यात घातलंय."

दुपारी पोचले तेव्हा तिला सलाईन लावलेलं होतं. ओठ सुकून गेलेले. नर्सनं दुसरी बाटली जोडली तशी तिनं हात हलवला. "साकु," ती पुटपुटली. बस झालं म्हणत होती. तिची पिशवी मी उघडली. डॉक्टरबाईंच्या गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी होती, एकही गोळी काढलेली नव्हती. साखरेची डबी अर्धी रिकामी.

"ह्या का घेतल्या न्हाईस?" मी विचारलं.

"फौजेची हाय की. मग ह्या कशाला?" ती म्हणाली. "पोटात किती औषधं घालायची माणसानं."

तिथं, त्या लोखंडी खाटेपाशी उभी असताना मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. डॉक्टरबाईंना फोन केला आणि खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. तिथल्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी काय द्यायचं ते कळवलं. दोन दिवसांत अव्वा उठून बसली.

घरी आणल्यावर सांगितलं. अंगणात कातरण चालली होती. काळ्या-पांढऱ्या लोकरीचे ढीग पडलेले, कातरींचा आवाज, मेंढरांची ओरड. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गोळी साखरेची आहे, सुभेदार कधी बर्फात गेले नव्हते, डॉक्टरांनी मला सांगायला बजावलं होतं, आणि दुसऱ्या वेळी गोळ्या त्यांनी पाठवल्या नव्हत्या, मीच आणल्या होत्या.

अव्वानं पदरावरचा लोकरीचा पुंजका झटकला.

"तुला कवापास्नं ठावं?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"म्हंजी दोघांनी मिळून मला येड्यात काढलं."

"व्हय."

ती उठली, लोकरीच्या ढिगापाशी गेली आणि काळी लोकर पांढरीपासून वेगळी करत बसली. सांज होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वहिनीनं भाकरी वाढली ती खाल्ली. डॉक्टरांच्या गोळ्या मी पुढं केल्या, त्याही माझ्या हाताकडं न बघता घेतल्या. मग अचानक म्हणाली, "तुला शाळंत सोडाय आलते, तवा काय सांगितलं हुतं, ध्यानात हाय?"

होतं. बाजाराच्या दिवशी येते, असं ती म्हणाली होती. मेंढरं त्याच रात्री निघायची होती आणि ती सहा-सात महिन्यांनी येणार होती.

"मास्तर म्हणायचं, पोरगी रडत न्हाई, बाजाराचा दिस कवा म्हणून इचारती तेवढंच." ती थांबली. "म्या लय वर्सं मनात धरलं ते. खोटं बोलून तुला सोडली म्हणून."

पहिला बाजार मी दारात बसून काढला होता. दुसऱ्या बाजारी रडले होते, चांगली ओरडून रडले होते, वसतिगृहाच्या बाईंनी उचलून आत नेलं होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. मी तिचे पाय मांडीवर घेतले आणि दाबत बसले. तिनं ते काढून घेतले नाहीत.

पाचव्या खेपेच्या बुधवारी पलूसच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना तिनं माझ्यापुढं हात केला.

"दे."

"काय?"

"साखर."

"अव्वा, त्यात काही न्हाई."

"ठावं हाय की. चारदा सांगितलंस. दे तरी." गोळ्या जिभेवर ठेवून ती म्हणाली, "जीवाला बरं वाटतंय त्येनं. कशानं वाटतंय ते तुमच्या बाईस्नी इचार."

रसवंतीपाशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं. उबळ आली नाही. डॉक्टरबाईंना मी खरंच विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मलाही पुरतं सांगता येणार नाही. माहीत असूनही काहींना फरक पडतो. सगळ्यांना नाही. शरीर जशी मळमळ शिकतं, तसं थोडं बरं वाटणंही शिकत असेल. माझ्या गोळ्या चालू आहेत ना?" चालू होत्या. आता अव्वा स्वतः पट्टीवर बोट ठेवून त्या मला दाखवायची.

खुर्चीत बसल्यावर तिनं शेजारी मान वळवली.

"आवं सुभेदार, जबलपूरला बर्फ लय पडतोय म्हणं."

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "चुकलं, ताई."

"चुकलं तर चुकलं. माजी पोरगी पण तुमच्यातलीच." तिनं पदरातून एक पुडी काढली. आत तिनं स्वतः कातलेल्या लोकरीची जाड पट्टी होती, गळ्याला गुंडाळायची. "ही घ्या. बर्फात न्हाई गेला, पर इथलं एसी लय गार हाय."

त्यांनी ती तिथंच गळ्याला गुंडाळली. मग दोघांनी एकाच वेळी त्यांच्या डबीतल्या गोळ्या खाल्ल्या, आणि सलाईन सुरू करायला आलेल्या सिस्टरनं विचारलं तेव्हा सुभेदार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साखर हाय. डाक्टरास्नी इचारून घेतलीय."

सहाव्या खेपेला मात्र ती ओकली, एकदाच, दवाखान्याच्या पायरीवर. तोंड धुतलं आणि म्हणाली, "आज साखरेला पण कंटाळा आला." ती शेवटची खेप होती.

सुभेदारांचे उपचार पुढं लांबले. अधूनमधून फोन यायचा. पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला की ते गेले. अव्वा जतहून एकटी कराडला आली, मी पलूसहून गेले, तिथून आम्ही दोघी त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या मालकिणीशी आमची ओळख नव्हती. अव्वा त्यांच्याजवळ सोप्यात बसली. मग त्या म्हणाल्या, "मेंढरावाल्या ताई म्हणून तुमचंच सांगायचं. उलट्या व्हायला लागल्या की म्हणायचं, ताईनं बिनऔषधाची गोळी खाऊन निभावलं, मला काय झालंय." अव्वानं त्यांचा हात धरला. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. समोर कोयनेचं पाणी गढूळ वाहत होतं आणि पलीकडच्या रानात कुणाची तरी मेंढरं चरत होती.

अव्वा बरी आहे. वर्षातून एकदा तपासणीला येते. केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. आता मेंढरांमागं जात नाही, घरी कोकरं सांभाळते. फोनवर आमचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. जेवलीस काय, पाऊस हाय काय, ठेवू काय. कधी कधी शाळेतून येताना ओटा रिकामा दिसतो आणि मला ते बुधवार आठवतात, ती एसटी, ओट्यावरची मफलर गुंडाळलेली अव्वा. कुणाला सांगायची सोय नाही, पण त्या पाच-सहा महिन्यांची मला हुरहूर लागते. आईच्या आजारपणाची कुणाला ओढ लागते का, असं मीच मला विचारते.

यंदा तपासणीला आली तेव्हा चार दिवस राहा म्हटलं. दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी. एक मेंढी व्यायला झाली होती आणि भावावर तिचा भरवसा नव्हता. मी तिला मिरजेच्या स्टँडवर जतच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून हाक मारली आणि म्हणाली, "माडग्यात पाणी जरा जास्त घालत जा."